शिव्यांची वही

आमच्या ऑफिसात दोन नोंदवह्या होत्या. एक लाल कापडी पुठ्ठ्याची, कुलपातली, अर्ज नोंदवायची. दुसरी म्हणजे पोरांची शाळेची वही, जिच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले असतात तसली. ती फिटरमामांच्या खाकी पिशवीत असे आणि तिच्यात शिव्या नोंदवल्या जात.

मी वाढवून सांगत नाही. पट्टीनं आखलेले रकाने होते. तारीख, गाव, कोणी दिली, शिवी, कारण आणि शेवटी शेरा. शेरा दोनच प्रकारचा, पास किंवा नापास, आणि तो शिवी देणाऱ्याला नव्हे, आम्ही केलेल्या कामाला असे. गावातून शिवी आली की काम पास. अर्ज आला की नापास. नापासाच्या ओळीत शिवीचा रकाना रिकामा आणि कारणापुढं अर्जाचा आवक क्रमांक. मामांचं अक्षर लहान मुलासारखं मोठं होतं, पण शिवी लिहिताना ते एक काना-मात्रा सोडत नसत. ऐकू नीट आली नाही तर देणाऱ्याला परत विचारत.

दुष्काळानंतरची ती वर्षं. परदेशातल्या कुठल्याशा दयाळू लोकांनी वर्गणी काढून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना सुधारायचं ठरवलं होतं. हेच दोन का, ते आम्हाला कधी कळलं नाही. आमचे प्रकल्प अधिकारी म्हणायचे की शास्त्रीय पाहणी झाली होती. मामा म्हणायचे की त्यांनी नकाशा पसरला आणि त्यावर माशी बसली. ऑफिस होतं कर्जतच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत. गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाऱ्याची झुळूक आली की आढ्यावरून कोंडा फायलींवर पडायचा आणि आम्ही दिवसभर शिंकायचो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, घर नेरळला. स्थापत्याची पदविका झालेली आणि इंग्रजी बऱ्यापैकी येत असल्यामुळे मला दोन कामं होती. एरवी विंधनविहिरींवर देखरेख करायची आणि परदेशी पाहुणा आला की त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून फिरायचं. नोकरी पहिला टप्पा संपेपर्यंतचीच होती. दुसरा टप्पा मंजूर झाला तर पुढं चालू. माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि मुलीकडच्यांना त्या दुसऱ्या टप्प्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी होती.

मामा आमचे भांडारपाल. कर्जतच्या इंजिनशेडमध्ये जन्मभर फिटर होते, तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आले. साठीचे, काटक, हिवाळ्यातही खाकी अर्धी चड्डी. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत. पहिल्या दिवशी मी पदविकेचं प्रमाणपत्र दाखवलं ते त्यांनी लांब धरून वाचलं आणि तेव्हापासून मी डिप्लोमा झालो. "काय डिप्लोमा, चा घेणार?" असं सगळ्यांच्या देखत.

त्यांना खुर्ची दिलेली होती, पण ते बसत एका मोठ्या लाकडी खोक्यावर. त्या खोक्यात अंडी उबवायचं विजेवरचं यंत्र होतं. मोठ्या समुद्रावरून ते आमच्यासाठी आलं होतं. आमच्या निम्म्या गावांत वीज नव्हती आणि कोंबड्या अंड्यांवर आपण होऊन बसत होत्या, त्यामुळे ते उघडायचा प्रसंगच आला नाही. कोणी विचारलं तर मामा गंभीरपणे सांगत की कोणीतरी बसायला पाहिजे म्हणून मी बसलोय, काय निघतंय ते बघू.

माल आला की ते पोचपावतीवर लगेच सही करत नसत. आधी खोक्याभोवती एक फेरी मारत, मग वाकून वास घेत आणि मग ठरलेला प्रश्न विचारत. "हे मोडलं तर शिवी कोणाला द्यायची?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. अधिकारीसाहेब हसले नाहीत, कारण त्यांना तो प्रश्न दर आठवड्याला ऐकावा लागत होता. ते म्हणत, मामा, ही देणगी आहे, देणगीला शिव्या देतात का? मामा म्हणत, तेच तर.

त्यांचं म्हणणं त्यांनी मला एकदा नीट समजावलं होतं. "तुज्या बैलाचं शिंग कोणी मोडलं, तर तू अर्ज करशील का रं? ज्यानं मोडलं त्याचे आईबाप काढशील. का? तर बैल तुजा हाय. आन् सरकारी वळू लंगडला तर? तर तू अर्ज करशील." एवढं बोलून त्यांनी बशीतला काळा चहा संपवला. मदत लागू पडली की नाही हे कसं ओळखावं यावर पुढं मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, त्यांचं इंग्रजीतून मराठी केलं, पण याच्यापुढं कोणी गेल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट ते इंजिनाची सांगत. कर्जतहून घाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती गाडीला वर ढकलतात आणि घाट संपला की सुटून माघारी येतात. मामांनी तीस वर्षं त्याच इंजिनांची दुरुस्ती केलेली. ते म्हणत, मदत अशी पाहिजे. ढकलायचं आणि सुटायचं. पुण्यापर्यंत बरोबर गेलं तर ते इंजिन नव्हे, सोयरं झालं, मग त्याला जेवायला घाला, त्याचा मानपान बघा.

आम्ही मानपान पुष्कळ केला. एकदा लहान मुलांसाठी माशाच्या तेलाचे डबे आले. चमचा-चमचा पाजायचं होतं. वास असा की मुलं शाळा सोडून पळाली आणि आठ दिवस परतली नाहीत. पण त्या वर्षी आमच्या भागातल्या बैलगाड्यांची चाकं अजिबात कुरकुरली नाहीत. अधिकारीसाहेबांनी अहवालात लिहिलं की तेलाचा संपूर्ण विनियोग झाला. मुलांनी दिलेल्या शिव्या मामांनी वहीत घेतल्या नाहीत, कारण त्या तेलाला होत्या, आपल्याला नव्हत्या. याबाबतीत ते काटेकोर होते.

मुख्य काम हातपंपांचं. पंप बसला की अधिकारीसाहेब नारळ फोडत, फोटो निघे, प्रकल्पाच्या नावाची पाटी लागे आणि आम्ही पुढच्या गावाला जात असू. मामांचं काम तिथून सुरू व्हायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ते एक दिवस रजा टाकून, पिशवीत पाना घालून त्या गावी जात आणि दुपारी चिटपाखरू नसताना पंपाच्या दांड्याचा बोल्ट काढून आणत. मग ऑफिसात येऊन खोक्यावर बसत आणि वाट बघत. हे फक्त मला माहीत होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरलो. सरकारी म्हणा, परदेशी म्हणा, पण चोरीच ती. मामा म्हणाले, चोरी कसली, परीक्षा हाय. शाळेत मास्तर फळ्यावरचं पुसून मग विचारतो का नाय?

कडावच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं तीच माझी सासुरवाड झाली. तिथला बोल्ट मामांनी काढला आणि चार दिवसांत अर्ज आला. काय सुरेख अर्ज होता. 'सविनय' पासून 'आपले कृपाभिलाषी' पर्यंत दोन पानं, खाली निम्म्या गावाच्या सह्या आणि अंगठे. एका बोल्टसाठी. कर्जतच्या बाजारात तो कुठल्याही लोखंडाच्या दुकानात मिळाला असता. पण पाटीवर आमचं नाव होतं, तेव्हा बोल्टही आमचाच पाहिजे. अर्ज लाल वहीत नोंदला गेला, तिथून मुंबईला, तिथून विमानानं परदेशी गेला आणि मंजूर होऊन आला तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. तोवर गाव आपल्या जुन्या विहिरीचं पाणी आधीसारखंच भरत होतं. मामांनी शेऱ्यात नापास लिहिलं. अर्जाचं अक्षर कोणाचं ते मी लग्नानंतर ओळखलं. माझ्या सासऱ्यांचं.

कशेळ्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे. होळी झाली की तिथला झरा आटायचा आणि बायका खाली ओढ्यातल्या डोहावर यायच्या, सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा, डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन त्या निसरड्या उतारावरून. पंप आला तर हे थांबणार होतं आणि पंप बंद पडला तर पुन्हा सुरू होणार होतं. अधिकारीसाहेबांना वाडी यादीत नकोच होती. त्यांचं मत, डोंगरातली माणसं, यंत्र त्यांना झेपायचं नाही, महिन्यात मोडतील. मामा अडून बसले. शेवटी खालच्या एका गावात पाणी लागलं नाही, म्हणून तो पंप वाडीला गेला.

वाडीत मामांनी एक वेगळंच केलं. पंप बसवला आणि चालू न करता उघडला. चार दिवस बायकांना पंपाभोवती बसवून त्यांनी तो उघडून-जोडून घेतला. सळ्या वर कशा ओढायच्या, तळाच्या नळकांड्यात चामड्याचा वायसर असतो तो कसा काढायचा, कोणत्या तोंडानं बसवायचा. अधिकारीसाहेब खाली कशेळ्यात नारळ घेऊन चार दिवस थांबले होते. मी वाडीत उभा राहून बघत होतो. मामा मला म्हणाले, "हा वायसर बघून ठेव डिप्लोमा. एवढंसं कातडं. पण ह्यानं गळू दिलं तर वर काय पोचत नाय. तुजंबी काम असंच हाय, तू मधला." मी म्हटलं, मी अभियंता आहे. ते म्हणाले, अभियंता असशील, पण पगार दुभाष्याचा हाय.

वाडीतल्या बायकांमध्ये एक होती तिशीची, उंच, सगळ्यात आधी पाना हातात घेणारी. तिचं नाव मला पाठ आहे, पण इथं नको. दीड महिन्यानं मामांनी वाडीचा बोल्ट काढला. आणि त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी आणि मामा कशेळ्यात चहा पीत असताना ती समोरून आली. डोक्यावर करवंदांची पाटी होती, ती तिनं शांतपणे खाली ठेवली, पदर खोचला आणि सुरुवात केली.

असं काही मी आधी ऐकलं नव्हतं. मामांच्या पूर्वजांपासून ती निघाली, वाटेत त्यांच्या आईबापांकडं थांबली, मग त्यांच्या हातांना काय काय व्हावं ते एकेका बोटानिशी सांगितलं. तिनं मामांना बोल्ट काढताना झाडाआडून बघितलं होतं. सगळा बाजार गोळा झाला. कापडवाले चाचा गज हातात घेऊनच बाहेर आले. मी शरमेनं टेबलाखाली जायच्या बेतात होतो आणि मामा पिशवीतून वही काढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नंतर फक्त नातू झालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितला.

"जरा हळू सांग गं," मामा म्हणाले. "मदली राहिली लिवायची."

ती आणखी भडकली, पण सांगितली हळू. शब्द सुटा करून, दोनदा. मामांनी लिहून घेतली, मग बोल्ट काढून तिच्या हातात दिला आणि विचारलं की चार दिवस पाणी कसं भरलंत. ती म्हणाली की सागाची खीळ ठोकली त्याच संध्याकाळी, पाणी एक दिवसबी थांबलं नाय, पर बोल्ट तो बोल्ट, आमचा हाय तो, दे हिकडं. मामांनी शेऱ्यात पास लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. वहीत दोन रेघा तेवढ्याच आहेत.

त्यानंतर वाडीनं आपली रीत बसवली. दर अवसेला सगळ्या बायका मिळून सळ्या वर ओढायच्या, वायसर बघायचा, करंजाचं तेल लावायचं, फाटला असेल तर कशेळ्याच्या चांभाराकडून कातडं आणून नवा कापायचा. वाडीत लग्न होऊन नवरी आली की पहिला हंडा भरायच्या आधी तिला वायसर बसवून दाखवावा लागे. हळदीच्या हातांनी. मामा हे ऑफिसात सांगत तेव्हा अधिकारीसाहेब कपाळाला हात लावत. प्रकल्पाच्या मालमत्तेला अशिक्षित बायका हात लावतात, हे वर कळलं तर?

आणि वर कळायची वेळ आलीच. पहिला टप्पा संपत आला आणि परदेशी पाहुणा तपासणीला येणार असं पत्र आलं. त्याच्या अहवालावर दुसरा टप्पा ठरणार होता. महिनाभर आधी तपासणीचा छापील फॉर्म आला. मामांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. प्रत्येक पंपापुढं दोन चौकोन होते, चालू आणि बंद. मामा म्हणाले, शिवीचा रकाना कुठं हाय? मी म्हटलं, तो नाही. "मंग त्याला काय कळणार?" एवढंच ते म्हणाले आणि फॉर्म माझ्या हातात परत दिला.

पाहुणा आला. उंच, उन्हानं लालबुंद, अतिशय सभ्य माणूस, पायात भक्कम चामडी बूट. त्याच्याविरुद्ध माझी अजूनही काही तक्रार नाही. मामांनी काही घोळ घालू नये म्हणून अधिकारीसाहेबांनी त्यांना जीपमध्ये डोळ्यांसमोर बसवून घेतलं होतं. पहिलं गाव माझ्या होऊ घातलेल्या सासुरवाडीचं. पंपाला नवा निळा रंग, झेंडूची माळ, लेझीम. बोल्ट तेव्हा बसलेला होता, पण वायसर झिजून पंप पुन्हा मेला होता, त्याचा अर्ज विमानात होता. गावानं पहाटेपासून विहिरीचं पाणी हंड्या-हंड्यानं पंपाच्या नळीत वरून ओतलं होतं. पाहुण्यानं दांडा बारा वेळा मारला आणि बाराही वेळा पाणी आलं. तेरावा मारला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. त्यानं चालूच्या चौकोनात खूण केली. माझे भावी सासरे मागं उभे राहून घाम पुसत होते.

मग वाडी. आम्ही चढून गेलो तर रंग नाही, माळ नाही, स्वागताला कोणी नाही. पंप उघडा. सळ्या ओळीनं आडव्या मांडलेल्या, धुतलेल्या गोणपाटावर सगळे भाग पुसून ठेवलेले आणि बायका भोवती बसून कामात. अधिकारीसाहेबांनी मामांकडं असं बघितलं की मामांनी दोन्ही हात वर केले. त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. त्या दिवशी अवस होती. पाहुण्याच्या दौऱ्याची तारीख ठरवताना आमच्यापैकी कोणी पंचांग बघितलं नव्हतं आणि पाहुणा येतोय म्हणून अवस पुढं ढकलावी असं वाडीत कोणाला सुचलं नव्हतं.

पाहुणा उत्सुकतेनं पुढं वाकला आणि त्याचा चिखलाचा बूट गोणपाटावर पडला, वायसरापासून चार बोटांवर. त्या उंच बाईनं वर बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "त्याला सांग रं, आदी बूट काढ. आत्ता पुसलंय आमी."

पाहुण्यानं मला विचारलं, ती काय म्हणते?

त्या क्षणी मी काय काय बघितलं ते सांगतो. अधिकारीसाहेबांचा पांढरा पडलेला चेहरा बघितला. फॉर्म बघितला. माझ्या लग्नाचा मांडवही बघितला. मी म्हणालो, ती म्हणते की आपण केलेल्या मदतीबद्दल वाडी आपली ऋणी आहे.

पाहुण्याला भरून आलं. त्यानं छातीवर हात ठेवला, मान लववली आणि दुसराही पाय गोणपाटावर ठेवला.

ती काहीतरी पुटपुटली आणि वायसर उचलून पदरात घेतला. म्हणाली, घटकाभर बसा, आमी पंप चढवतो, पानी पिऊन जावा. मी हेही सांगितलं नाही, कारण खाली जीप उभी होती आणि कर्जतला जेवणाची वेळ ठरली होती. पाहुण्यानं विचारलं, पंप असा का? या बायका दर महिन्याला तो स्वतः उघडतात, स्वतः जोडतात, कोणाला विचारत नाहीत, हे एक वाक्य इंग्रजीत मला सहज जमलं असतं. शब्द जिभेवर होते. अधिकारीसाहेब खोकले. मी म्हणालो, दुरुस्तीत आहे. पाहुण्यानं खेदानं मान हलवली आणि बंदच्या चौकोनात खूण केली.

उतरताना पुढं चाललेल्या पाहुण्याच्या बुटांकडं मामा एकसारखे बघत होते. मला वाटलं, कातडं चांगलं आहे, त्यातून किती वायसर निघतील असा विचार चालला असेल.

अहवाल उत्तम गेला आणि दुसरा टप्पा मंजूर झाला. वाडीच्या अनुभवावरून एकच सूचना आली होती, की स्थानिक लोकांनी पंप हाताळू नयेत. त्यासाठी परदेशातून शिशाची सीलं, तार आणि सील दाबायची पक्कड आली. भांडारपालानं ऑफिसबाहेर जाऊ नये असाही हुकूम निघाला. मामांनी सीलांच्या खोक्याभोवती फेरी मारली, वास घेतला, पण प्रश्न विचारला नाही. किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या, पिशवी उचलली आणि घरी गेले.

वाडीला सील मारायला मीच गेलो. ती उंच बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. हे काय, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, आता हे उघडायचं नाही. मग अवसेला काय करायचं? मी म्हटलं, प्रशिक्षित माणूस येईल. कधी? मी म्हटलं, अर्ज केल्यावर. तिनं मला शिवी दिली नाही. पंपाकडं बघितलं, मग खाली डोहाकडं जाणाऱ्या उताराकडं बघितलं आणि आत निघून गेली. मी पक्कड दाबली.

माझं लग्न थाटात झालं. वरातीचे बैल बांधायला सासुरवाडीत एकच भक्कम खांब होता, तो पंप. सील शाबूत होतं. पुढं एकेक करून बहुतेक पंप तसेच गेले, सीलबंद, आतून गंजत. मग परदेशातल्या दयाळू लोकांचं लक्ष दुसऱ्या कुठल्यातरी नकाशाकडं गेलं, ऑफिस मोडलं आणि मी सरकारी खात्यात लागलो. मामा कर्जतच्या बाजारात दिसत. लांबूनच "काय डिप्लोमा" म्हणत. त्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही आणि मी त्यांच्या घराची पायरी कधी चढलो नाही. चढलो असतो तर सांगावं लागलं असतं.

काही वर्षांनी ते गेले. तेराव्यानंतर मामींनी निरोप पाठवून बोलावलं आणि वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुम्हाला द्यायला सांगितली होती. मी तिथंच उभ्यानं ती तारीख शोधली. वाडी. उंच बाईचं नाव. शिवी: परदेशी सायबाला, आदी बूट काढ. कारण: पुसलेल्या गोणपाटावर पाय. शेरा: पास.

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'सायबानं बूट काढले नाहीत. म्हणजे डिप्लोमानं सांगितलं नाही.' आणि त्यापुढं शेऱ्याची जागा कोरी. मामांनी मला नापाससुद्धा केलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि ते मी मामींना सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, चहा टाकते.

त्याच आठवड्यात मी कशेळ्याला एसटीतून उतरलो आणि वाडी चढलो. ऐन उन्हाळा. एवढ्या वर्षांत पंप गंजला असेल, बायका पुन्हा डोहावर जात असतील आणि ते माझ्याच पक्कडीनं झालेलं असेल, अशी मनाची तयारी केली होती. वाटेत एका झोपडीच्या कुडावर माशांचं जाळं वाळत होतं. त्याच्या काठाला ओळीनं शिशाची वजनं ओवली होती. जवळ जाऊन बघितलं. चपटी, मधोमध तारेचं भोक, त्यावर आमच्या प्रकल्पाचा छाप. माझ्यामागून ज्यांनी ज्यांनी येऊन वाडीच्या पंपाला सील मारलं, त्या सगळ्यांची सीलं तिथं होती. वरून दांड्याचा आवाज येत होता.

पंपावर तीच होती. केस पिकायला लागले होते. माझ्याकडं बघून तिनं दांडा थांबवला आणि बराच वेळ आठवत राहिली.

"तू तो सायबासंगटचा," ती म्हणाली. "त्याला सांगितलं का नाय रं तवा, बूट काढ म्हनून?"

मी म्हणालो, "नाही सांगितलं."

ती बोलायला लागली. आवाज चढला नाही, पण कशेळ्याच्या बाजारात होती तीच धार होती. मी पिशवीतून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. काय लिहितोस, तिनं विचारलं. अर्ज? मी म्हटलं, नाही, तुम्ही देताय ती शिवी. तिनं वही ओळखली. मग ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून हळूहळू, शब्द सुटा करून सांगायला लागली. मी सगळं लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सांगितलं नाही. शेऱ्याच्या जागी पेन अडलं, म्हणून वही तिच्यापुढं धरली आणि विचारलं की इथं काय लिहू, पास का नापास?

तिनं वहीकडं बघितलंच नाही. ती माझ्या पायांकडं बघत होती. मी पंपाच्या धुतलेल्या कट्ट्यावर उभा होतो.

"आदी बूट काढ," ती म्हणाली. "मंग बघू."

मी खाली बसलो आणि नाड्या सोडायला लागलो.